पिवळा, केशरी की काळा? कोणता टोमॅटो लावाल?

टोमॅटोचा रंग कोणता, असे विचारले तर तुम्ही सगळे एका सुरात म्हणाल, "लाल!" चित्रकलेच्या वहीतला टोमॅटो लाल, सॉसच्या बाटलीवरचा लाल आणि भाजीवाल्याच्या पाटीतलाही लालच. पण इटलीतल्या एखाद्या मुलाला टोमॅटोचे नाव विचारा. तो सांगेल, ‘पोमोदोरो’. या शब्दाचा अर्थ आहे ‘सोन्याचे सफरचंद’. लाल फळाला सोन्याचे नाव कसे पडले बरे?

मात्तिओली नावाच्या इटालियन वैद्याने १५४४ साली आपल्या ग्रंथात या नव्या फळाची नोंद केली. हे फळ पिकल्यावर सोन्यासारखे दिसते, असे त्याने लिहिले. म्हणजे युरोपातील लोकांनी सुरुवातीला जे टोमॅटो पाहिले, त्यांत पिवळे टोमॅटो होते! टोमॅटोचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि एक्वाडोर या देशांच्या मुलखात वाढतात. मेक्सिकोतील लोकांनी टोमॅटोची शेती केली आणि स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. मात्तिओलीने त्याला वांग्याच्या गोतात बसवले होते. गंमत पाहा, मराठीतही जुन्या काळी टोमॅटोला ‘वेलवांगी’, ‘बेलवांगी’ अशी नावे होती. दोघांचे निरीक्षण बरोबरच होते. टोमॅटो आणि वांगे एकाच कुळातले, अगदी जवळचे नातेवाईक आहेत.

आज जगात टोमॅटोचे हजारो वाण आहेत. पिवळे, केशरी, गुलाबी, तपकिरी, जवळजवळ काळे, जांभळे आणि पिकल्यावरही हिरवेच राहणारे! समजा, तुमच्या परसात किंवा गच्चीवर चार कुंड्या ठेवायला जागा आहे. यांतले कोणते वाण लावाल? नुसते दिसायला सुंदर की खायलाही गोड? निवड विचारपूर्वक करायला हवी. कारण छत्रपती संभाजीनगरसारख्या ठिकाणी टोमॅटोचा रंग आणि चव दोन्ही खुलण्याचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. तो चुकला की पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते. म्हणून आधी टोमॅटोला रंग कसा येतो आणि चव कशी येते, हे समजून घेऊ या.

उन्हाळ्यातला फसवा पिवळा

एप्रिल-मे महिन्यांत घरी आलेले टोमॅटो नीट न्याहाळा. हिवाळ्यात लालबुंद असणारे टोमॅटो आता फिकट दिसतील. काही नारिंगी, काही देठाजवळ चक्क पिवळे. तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याने वाण बदलला असेल. तसे असेलच असे नाही. बहुतेक वेळा वाण तोच असतो. बदललेले असते ते हवामान.

टोमॅटोच्या लाल रंगद्रव्याला ‘लायकोपीन’ म्हणतात. हे रंगद्रव्य साधारण २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानात उत्तम तयार होते. तापमान ३० अंशांच्या वर गेले की त्याची निर्मिती मंदावते आणि आणखी वाढले की जवळजवळ थांबते. पण टोमॅटोत ‘बीटा कॅरोटीन’ नावाचे दुसरे, नारिंगी रंगद्रव्यही असते. तेच गाजराला रंग देते. ते उष्णतेला इतके दबत नाही. आता संभाजीनगरचा मे महिना आठवा. दुपारी पारा ४० अंशांच्या आसपास! त्यातून ज्या फळावर थेट ऊन पडते, ते भोवतालच्या हवेपेक्षाही अधिक तापते. अशा फळात लाल रंग तयार होत नाही. पिवळा-नारिंगी तेवढा उरतो. म्हणजे हा टोमॅटो पिवळ्या वाणाचा नव्हे. लाल व्हायचा राहून गेलेला लाल टोमॅटो आहे!

हे तुम्हांला स्वतः पडताळून पाहता येईल. एप्रिलमध्ये नुकताच रंग धरू लागलेले सहा टोमॅटो घ्या. तीन टोमॅटो घरातल्या उष्ण जागी, माळ्यावर ठेवा. उरलेले तीन एका मातीच्या भांड्यात ठेवून ते भांडे ओल्या वाळूत बसवा आणि वर ओले फडके झाका. वाळू दिवसातून दोनदा भिजवा. पाणी वाफ होऊन उडताना भांडे थंड राहील. आठवड्याने दोन्ही गटांचे रंग शेजारी ठेवून पाहा. थंडाव्यातले टोमॅटो अधिक लाल झालेले दिसतील.

हा झाला हवेने केलेला पिवळा. आता जातिवंत पिवळ्याकडे वळू.

रंगाचा कारखाना

गणपतीच्या मूर्ती बनवणारा कारखाना तुम्ही पाहिला असेल. एक कारागीर मातीला आकार देतो, दुसरा ती घासून गुळगुळीत करतो, तिसरा रंग चढवतो, चौथा त्यावर शेवटचा हात फिरवतो. पहिलाच कारागीर कामावर आला नाही, तर पुढचे सगळे हात जोडून बसतील. मधला आला नाही, तर अर्धवट मूर्ती साचत जातील.

टोमॅटोच्या गरात असाच कारखाना चालतो. तेथील कारागिरांना ‘विकर’ किंवा एन्झाइम म्हणतात. प्रत्येक विकर एकच काम करतो, आणि तो कसा बनवायचा याची आज्ञा झाडाच्या जनुकात लिहिलेली असते. पहिला विकर एक रंगहीन पदार्थ बनवतो. मधले विकर त्याच्यात बदल करत करत त्याचे लाल लायकोपीन करतात. शेवटचा विकर थोड्या लायकोपीनचे बीटा कॅरोटीन करतो. हा झाला लाल टोमॅटो.

आता पहिल्या विकराचे जनुक बिघडले असेल तर? कच्चा मालच नाही, म्हणून लायकोपीनही नाही आणि बीटा कॅरोटीनही नावापुरतेच. असे फळ पिवळे होते. हाच तो जातिवंत पिवळा टोमॅटो! याला कितीही गार हवेत ठेवा, तो लाल होणार नाही.

मधला एक विकर बिघडला, तर लायकोपीन पूर्ण तयार होण्याआधीची एक अवस्था गरात साचते. तिचा रंग नारिंगी असतो. असा टोमॅटो संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. उलट, शेवटचा विकर फार कामसू निघाला, तर तो बहुतेक लायकोपीनचे बीटा कॅरोटीन करून टाकतो. असे फळही नारिंगीच! दोन्ही फळे दिसायला सारखी, पण आतली रंगद्रव्ये मात्र वेगळी. यांतल्या दुसऱ्या प्रकाराचा एक गुण असा की, बीटा कॅरोटीनपासून आपले शरीर अ जीवनसत्त्व बनवते. लायकोपीनपासून ते बनवता येत नाही.

साल, गर आणि हरितद्रव्य

गराचा रंग झाला. पण आपण बाहेरून पाहतो ते सालीतून. आईच्या किंवा ताईच्या मदतीने एक पिकलेला लाल टोमॅटो अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात धरून लगेच गार पाण्यात टाका. साल सहज सुटेल. ती उजेडासमोर धरा. लाल टोमॅटोची साल लाल नाही! ती पिवळसर, काचेसारखी आहे. लाल गरावर पिवळी साल बसली की आपल्याला शेंदरी लाल रंग दिसतो. काही वाणांत सालीतले हे पिवळे रंगद्रव्य नसते. लाल गरावर अशी रंगहीन साल असली की टोमॅटो गुलाबी दिसतो. पिवळ्या गरावर रंगहीन साल असली की तो फिकट, जवळजवळ पांढरा दिसतो.

तिसरी गोष्ट म्हणजे हरितद्रव्य. कच्चा टोमॅटो हिरवा असतो तो यामुळेच. पिकताना हरितद्रव्य नाहीसे होते आणि आतले रंग उघडे पडतात. पण काही वाणांत हरितद्रव्य मोडण्याची क्रिया बिघडलेली असते. तांबड्या आणि हिरव्या रंगाच्या वड्या पाण्यात कालवून पाहा. कोणता रंग मिळतो? तपकिरी! लायकोपीन तयार झाले आणि हरितद्रव्यही राहिले, तर टोमॅटो असाच गडद तपकिरी होतो. त्यालाच बाजारात ‘काळा टोमॅटो’ म्हणतात. पिवळ्या गराबरोबर हरितद्रव्य टिकले, तर टोमॅटो पिकूनही हिरवाच राहतो.

आता एक छोटा तक्ता वहीत उतरवून घ्या:

लाल गर + पिवळी साल = लाल टोमॅटो
लाल गर + रंगहीन साल = गुलाबी टोमॅटो
पिवळा गर + पिवळी साल = पिवळा टोमॅटो
पिवळा गर + रंगहीन साल = पांढरट टोमॅटो
लाल गर + टिकलेले हरितद्रव्य = तपकिरी-काळा टोमॅटो
पिवळा गर + टिकलेले हरितद्रव्य = पिकूनही हिरवा टोमॅटो

जांभळ्या टोमॅटोची गोष्ट मात्र वेगळी. जांभूळ आणि वांग्याची साल यांना जांभळा रंग देणारे ‘अँथोसायनिन’ त्याच्या सालीत असते. नेहमीच्या टोमॅटोत ते फळावर दिसत नाही, पण काही रानटी नातेवाइकांच्या फळांत दिसते. त्यांच्याशी संकर करून अमेरिकेतील ओरेगॉन राज्य विद्यापीठाने ‘इंडिगो रोझ’ हा वाण तयार केला. तो २०१२ च्या सुमारास लोकांच्या हाती आला. त्याचा जांभळा रंग जेथे ऊन लागते तेथेच चढतो. पानाखाली झाकलेला भाग लालच राहतो. गरही आतून लाल असतो. इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी २००८ साली वेगळीच वाट धरली. त्यांनी स्नॅपड्रॅगन या फुलझाडातील दोन जनुके टोमॅटोत घातली आणि आतूनबाहेरून जांभळा टोमॅटो मिळवला. त्याचे बियाणे अमेरिकेत घरगुती बागांसाठी २०२४ पासून विकले जाऊ लागले.

रंगावरून चव ओळखता येते का?

पुष्कळ लोक म्हणतात, पिवळा टोमॅटो कमी आंबट असतो. हे खरे आहे का? काही पिवळे वाण जिभेला सौम्य लागतात, हे खरे. पण पिवळ्या रंगाच्या जनुकाचा आम्लाशी थेट संबंध नाही. पिवळ्या टोमॅटोंतही आंबट वाण आहेत आणि लालांतही सौम्य आहेत. पुष्कळदा आम्ल तेवढेच असते, पण साखर अधिक असल्याने आंबटपणा जाणवत नाही. लिंबाच्या सरबतात साखर वाढवली की लिंबू कमी होत नाही, पण आंबट कमी लागते, तसेच हे.

टोमॅटोत सुमारे ९४-९५ टक्के पाणीच असते. उरलेल्या थोड्याशा भागात सगळी चव भरलेली असते. ती तीन गोष्टींनी बनते. पहिली साखर, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. दुसरी आम्ल, मुख्यतः सायट्रिक आम्ल, जे लिंबातही असते. आणि तिसरी सुगंध. टोमॅटोतून हवेत उडणारे चारशेहून अधिक पदार्थ शास्त्रज्ञांनी ओळखले आहेत. त्यांतले वीस-तीसच आपल्या नाकाला महत्त्वाचे वाटतात.

नाकाला? चव तर जीभ घेते ना? मग हा प्रयोग करा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि टोमॅटोची फोड चावा. थोडे आंबट, थोडे गोड लागेल, एवढेच. चावता चावता नाक सोडा. एकदम ‘टोमॅटो’ तोंडात आल्यासारखा वाटेल! तोंडातला सुगंध घशामागून नाकात जातो, तेव्हाच चव पुरी होते.

रंग आणि चव यांची गाठ पडते ती येथेच. टोमॅटोतील काही सुगंधी पदार्थ रंगद्रव्ये मोडून तयार होतात. लायकोपीन आणि त्याच्या आधीची नारिंगी अवस्था यांच्यापासून लिंबासारखे, फळासारखे वास तयार होतात. बीटा कॅरोटीनपासून फुलासारखा वास तयार होतो. म्हणून नारिंगी टोमॅटोंना पुष्कळदा फळासारखी चव असते. जातिवंत पिवळ्या टोमॅटोत मूळ रंगद्रव्येच नाहीत, त्यामुळे त्यांच्यापासून होणारे हे सुगंधही जवळजवळ नसतात. गवतासारखा ताजा वास आणि इतर काही वास मात्र असतात, कारण ते दुसऱ्या पदार्थांपासून बनतात. तेव्हा पिवळा टोमॅटो निवडताना एक नियम लक्षात ठेवा: त्यात साखर भरपूर हवी. सुगंधाची उणीव गोडी भरून काढते. मोठ्या फळांपेक्षा लहान, बोराएवढ्या चेरी टोमॅटोत साखरेचे प्रमाण सहसा बरेच अधिक असते. म्हणून पिवळा लावायचा तर चेरी लावा.

चव हरवली कशी?

तुमचे आजोबा म्हणत असतील, "पूर्वीच्या टोमॅटोची चव आता राहिली नाही." हे नुसते जुन्या आठवणींचे कौतुक नव्हे. कच्च्या गावरान टोमॅटोच्या देठाजवळ गडद हिरवा पट्टा असतो. त्याला ‘हिरवा खांदा’ म्हणू. हा भाग कधी कधी नीट पिकत नाही, म्हणून वाण तयार करणाऱ्यांनी कित्येक वर्षे सारख्या फिकट हिरव्या रंगाची फळे निवडली. ती एकसारखी लाल होतात आणि पेटीत सुंदर दिसतात. २०१२ साली या निवडीमागचे जनुक सापडले आणि एक गोष्ट उघडकीस आली. हिरव्या खांद्यात हरितद्रव्याचे जास्त कण असतात आणि ते फळातच थोडी साखर बनवतात. खांदा घालवताना आपण थोडी गोडीही घालवली होती!

२०१७ साली सुमारे ४०० वाणांच्या तपासणीत असेही दिसले की, जुन्या वाणांच्या मानाने आजच्या व्यापारी वाणांत कित्येक महत्त्वाचे सुगंध कमी झाले आहेत. फळ मोठे हवे, टणक हवे, ट्रकमधून दूर जायला हवे, या गोष्टी पाहताना वासाकडे कोणी पाहिलेच नाही. घरच्या कुंडीतला टोमॅटो ट्रकमधून कोठे जायचा नाही. म्हणून तुम्ही चवीसाठी वाण निवडू शकता. शेतकऱ्याला परवडत नाही, ते तुम्हांला परवडते.

मग कोणते वाण निवडाल?

प्रथम आपल्या घरचे पाहू. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘धनश्री’ नावाचा टोमॅटो दिला आहे. त्याची फळे मध्यम, गोल आणि नारिंगी रंगाची असतात. याच विद्यापीठाचा ‘भाग्यश्री’ हा वाण लायकोपीनने समृद्ध, गर्द लाल आणि भरपूर गराचा आहे. हे दोघे शेजारी शेजारी लावा. एकाच विद्यापीठाचे, महाराष्ट्राच्या हवेत वाढलेले आणि रंगाने वेगळे! तुलना करायला याहून चांगली जोडी मिळणार नाही.

जातिवंत पिवळ्यासाठी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा गोल्डन चेरी टोमॅटो-२’ आहे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाचा ‘पंजाब सोना चेरी’ पिवळा, तर ‘पंजाब केसर चेरी’ नारिंगी आहे. त्याच विद्यापीठाचा ‘पंजाब स्वर्णा’ थोडा मोठा, लंबगोल आणि नारिंगी असून त्यात कॅरोटीन चांगले असते.

परदेशी वाणांची पाकिटेही मिळतात. जपानच्या टोकिता कंपनीचा ‘सनगोल्ड’ हा नारिंगी चेरी टोमॅटो गोडीसाठी जगभर नावाजलेला आहे. ‘ग्रीन झीब्रा’ हा हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचा वाण अमेरिकेत टॉम वॅगनर यांनी १९८३ साली लोकांपुढे आणला. तो पिकला हे रंगावरून पटकन कळत नाही. बोटाने हलके दाबून पाहावे लागते. ‘चेरोकी पर्पल’ आणि ‘ब्लॅक क्रिम’ हे तपकिरी-काळे वाण चवीला दाट समजले जातात, पण त्यांची फळे मोठी असतात. मोठे फळ पिकायला अधिक दिवस घेते, पाणी कमीजास्त झाले की तडकते आणि उष्णता वाढली की धरतही नाही. पहिल्या वर्षी फार तर असे एकच झाड लावा.

बियाणे घेताना पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ लिहिले आहे का, ते पाहा. संकरित बियाणे दोन वेगळ्या आईबापांपासून केलेले असते. पुढच्या वर्षी त्याचे बी धरले, तर रोपे एकसारखी निघत नाहीत. सरळ वाणाचे बी मात्र धरता येते. असे संकरित बी करणे मोठे नाजूक काम असते. बियाणे उद्योगाचे केंद्र असलेले जालना आपल्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. त्याच्या आसपासच्या भागात, देऊळगावराजाकडे, जाळीच्या शेडमध्ये कामगार एकेका फुलातले पुंकेसर चिमट्याने काढून दुसऱ्या झाडाचे पराग हाताने लावतात. पाकिटातल्या प्रत्येक बीमागे अशी मेहनत असते.

हंगाम हीच अर्धी चव

महाराष्ट्रात टोमॅटो तिन्ही हंगामांत लावतात. खरिपात जून-जुलैला, रब्बीत सप्टेंबर-ऑक्टोबरला आणि उन्हाळ्यासाठी डिसेंबर-जानेवारीला बी पेरतात. तुम्ही मात्र सप्टेंबरचा मध्य धरा. त्याचे कारण आता तुम्हीच सांगू शकाल. पावसाळ्यात पाणी जास्त, ऊन कमी, मग साखर कोठून होणार? उन्हाळ्यात लायकोपीन अडते. शिवाय दिवसा पारा ३५ अंशांच्या वर गेला आणि रात्रीही उकाडा राहिला की पराग निकामी होतात, फुले गळतात. सप्टेंबरात पेरलेल्या झाडांना नोव्हेंबरात फुले येतात आणि डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत फळे पिकतात. तेव्हा आकाश निरभ्र, ऊन स्वच्छ आणि हवा गार असते. रंग आणि साखर दोन्हींसाठी हेच दिवस चांगले.

बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरा. आठवडाभरात ते उगवते. रोपांवर बारीक जाळी किंवा जुने मलमल टाका, म्हणजे पांढरी माशी बसणार नाही. पाने आकसून टाकणाऱ्या विषाणूचा प्रसार हीच माशी करते. रोपे २५-३० दिवसांची झाली की एका कुंडीत एकच रोप लावा. कुंडी निदान ३० सेंटिमीटर रुंद हवी. आपली काळी माती पाणी फार धरून ठेवते, म्हणून तिच्यात चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू मिसळा. सहा तास तरी ऊन मिळेल अशी जागा पाहा आणि काठीचा आधार द्या.

पाणी नियमित द्या. एक दिवस कोरडे, दुसऱ्या दिवशी तुडुंब, असे केले तर फळाचे बूड काळे पडते किंवा फळ तडकते. फळे रंग धरू लागली की पाणी जरा हात राखून द्या, पण झाड कोमेजू देऊ नका. फळात पाणी कमी शिरले की साखर घट्ट होते. पिकलेले फळ झाडावरून काढून लगेच खा. फ्रिजमध्ये ठेवू नका. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आठवडाभर ५ अंश तापमानात ठेवलेल्या टोमॅटोंचे सुगंध घटलेले आढळले. पुन्हा बाहेर ठेवूनही ते पुरते परतले नाहीत.

डोळे मिटून परीक्षा

जानेवारीत फळे तयार झाली की घरात चव-परीक्षा घ्या. डोळ्यांनी पाहिलेला रंग मनाला फसवतो, म्हणून चाखणाऱ्याचे डोळे रुमालाने बांधा. प्रत्येक वाणाची सारखीच फोड द्या आणि मध्ये पाण्याचा घोट घ्यायला सांगा. गोडी, आंबटपणा आणि वास यांना पाचपैकी गुण द्यायला सांगा. वहीत वाण, तोडल्याची तारीख आणि गुण लिहा. निदान पाच जणांची परीक्षा घ्या, कारण प्रत्येकाची जीभ निराळी असते. पिवळा कमी आंबट असतो की नाही, याचे उत्तर तुमच्या घरच्या आकड्यांतून मिळेल.

ज्या सरळ वाणाला सर्वांत जास्त गुण मिळतील, त्याच्या निरोगी झाडाचे एक पूर्ण पिकलेले फळ राखून ठेवा. त्याच्या बिया गरासह थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजवा. बुळबुळीत आवरण सुटले की धुऊन सावलीत वाळवा आणि नाव-तारीख लिहून कागदी पाकिटात ठेवा. टोमॅटोचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून पिवळ्याच्या बीपासून पुन्हा पिवळाच मिळण्याची शक्यता मोठी असते. ज्यांना आणखी पुढे जायचे असेल, त्यांनी पिवळ्या आणि लाल सरळ वाणांचा संकर करून पाहावा. पहिल्या पिढीत सगळी फळे लाल येतील. पिवळा रंग हरवला म्हणून निराश होऊ नका. त्याच लाल फळांचे बी पेरा. पुढच्या पिढीत सुमारे तीन लाल झाडांमागे एक पिवळे झाड निघेल. मेंडेलने १८६६ साली वाटाण्यावर लिहिलेला नियम तुमच्या गच्चीवर फळाला आलेला असेल.

तेव्हा मित्रांनो, वाण निवडताना रंगाला जरूर भुला, पण निकाल मात्र जिभेला आणि नाकाला विचारून लावा. सप्टेंबर यायच्या आत बी मिळवून ठेवा आणि कुंड्या भरून तयार ठेवा!